भारंबे काकांची ठोकाठोकी

भारंबे काका आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी बेल वाजवली नाही, कडीही वाजवली नाही. त्यांनी दार ठोकलं. म्हणजे आम्ही ते उघडावं म्हणून नव्हे हं. वरपासून खालपर्यंत, बोटांच्या पेरांनी, सबंध दारभर. मी वैतागून दार उघडलं तर हे गृहस्थ उंबऱ्यापाशी उकिडवे बसलेले. मान वर न करता मला म्हणाले, "वहिनी, दार खालून पोकळ आहे. वाळवी लागून राहिली." नाव त्यानंतर सांगितलं.

मला असा राग आला म्हणता! आम्ही सातारकडची माणसं, आमच्या दाराला परक्या माणसाने नावं ठेवलेली आम्हाला खपत नाहीत. पण पुढे दाराची खालची पट्टी भुगा होऊन हातात आली तेव्हा मी मुकाट्याने त्यांना वाटीभर भरली वांगी नेऊन दिली. माझा डब्यांचा धंदा आहे, कंपनीतली सडी पोरं माझ्या हातचं जेवून बोटं चाटतात. काकांनी वाटी चाटूनपुसून परत केली आणि वांगं जळगावचं नव्हतं एवढीच तक्रार केली.

काका मूळचे जळगावकडचे. तरुणपणी बोईसरला आले, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत मेंटेनन्सला चिकटले ते निवृत्त होईपर्यंत. शेवटची बरीच वर्षं कॉम्प्रेसरच्या धडधडाटात गेली. कंपनीत झाकण न उघडता पिंपात माल किती आहे ते बघायचं तर पिंप वरून खाली ठोकत यायचं. आवाज बदलला की तिथपर्यंत माल. हे तिथल्या कोणालाही येतं. पण बाकीची माणसं गेटाबाहेर पडली की ठोकणं थांबवतात, काकांनी ते घरी आणलं. गॅसची टाकी, नारळ, भिंतीच्या फरश्या, जवळच्या पाम गावाहून ताडगोळे विकायला येणाऱ्या मावशींची ॲल्युमिनियमची पाटी. एकदा माझ्या नवऱ्याच्या हेल्मेटवर ठोकलं, आणि ते तेव्हा त्याच्या डोक्यात होतं. ठोकून झालं की मान तिरकी करून समोरच्याला विचारायचं, "काय म्हणून राहिलंय?" समोरच्याने काहीतरी उत्तर द्यायचं. मग "शाब्बास" म्हणून काका पुढच्या वस्तूकडे.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे रेंज. मुलगा पुण्याला असतो, रोज संध्याकाळी फोन करतो. खिशात फोन थरथरला की काका तो कानाला लावायचे, "रेंज नाही इथं, रेंज नाही, ठेव" असं सगळी गल्ली दचकेल इतक्या मोठ्याने ओरडायचे आणि बंद करायचे. मग मोबाईल कंपनीचा उद्धार. तिथेच उभं राहून माझ्या फोनला मात्र झकास रेंज यायची. तसं म्हटलं की म्हणायचे, तुमचं कार्ड वेगळं. त्यांनी कार्ड बदललं, फोन बदलला, गच्चीत खुर्ची टाकून बसून पाहिलं. रेंज काही येईना.

तर अशा या माणसाच्या गल्लीत रंजू राहायला आली.

विक्रमगडच्या पुढच्या एका पाड्यावरची ती माणसं. आई सुनीता, वडील आणि आठ वर्षांची रंजू. पावसाळ्यात शेती, एरवी मिळेल तिथे मजुरी. या वेळी दोघांनाही कंपनीत काम लागलं होतं, म्हणून आमच्या तळमजल्याची मागची खोली घेतली. रंजूला जन्मापासून दिसत नाही. सुनीता तिला कडेवर घेऊन फिरायची. अहो, आठ वर्षांची पोर, तिचे पाय आईच्या गुडघ्यापर्यंत लोंबायचे. नळावर कडेवर, दुकानात कडेवर. मी म्हटलं, अगं कंबर मोडेल तुझी. तर म्हणाली, "ताई, तिला नाय दिसत. खाली ठेवली की पडंल."

गल्लीच्या टोकाला शाळा आहे. तिथल्या मोठ्या बाई रंजूला घ्यायला तयार होत्या. त्यांचं म्हणणं एवढंच, की पोरीने स्वतःच्या पायांनी यायला, वर्गात आणि नळावर जायला शिकावं, कारण उचलून न्यायला शाळेत कोणी नाही. इकडे सुनीताची शिफ्टची बस शाळा भरायच्या आधीच सुटायची आणि नवरा रात्रपाळीहून यायचा बाकी असायचा. जूनपर्यंत रंजू एकटी चालायला लागली तर शाळा. नाहीतर तिला मामाकडे पाठवायचं हे घरात ठरलेलं होतं. मामा-मामी माणसं चांगली, पण दिवसभर रानात. रंजूने ओटीवर बसून राहायचं. आधीची दोन वर्षं ती तशीच बसून होती.

मी नेईन, तुम्ही न्या, अशी आमची बोलणी चालली होती. काका तर उद्यापासूनच न्यायला निघाले होते. पण पालघरहून दर गुरुवारी प्राजक्ता मॅडम यायला लागल्या आणि त्यांनी आम्हाला गप्प केलं. ज्यांना दिसत नाही त्या मुलांना चालायला शिकवणं हेच त्यांचं काम. म्हणाल्या, नेणारं माणूस कधी आजारी पडतं, कधी गावाला जातं. काठी गावाला जात नाही.

त्यांनी सॅकमधून पांढरी काठी काढली. घडीची, आतून इलॅस्टिक. झटकली की टकटक करत सरळ होते. रंजूच्या छातीपर्यंत येईल एवढीच. हात बेंबीसमोर, पहिलं बोट काठीवर सरळ. काठी डावीकडे टेकली की उजवा पाय पुढे, उजवीकडे टेकली की डावा. म्हणजे पाय पडायच्या आधी तिथली जमीन काठीने बघून ठेवलेली असते. ऐकायला सोपं वाटतं ना? मी गच्चीत झाडूचा दांडा घेऊन, डोळे मिटून करून पाहिलं आणि पाण्याच्या टाकीवर कपाळ आपटून घेतलं. रंजूचेही हातपाय सुरुवातीला एकाच बाजूला पळायचे. पण पोर चिवट. दुसऱ्या गुरुवारी ती जिन्यापासून गेटपर्यंत गेली आणि मी वरून अशी ओरडले की डब्यांचा रस्सा उतू गेला.

काकांना काठी पसंत पडली नाही. अगरबत्तीची काडी आहे म्हणाले. आणि चार दिवसांत ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून स्वतः काठी बनवून आणली. गॅल्व्हनाइज्ड पाइप, खाली रबरी बूच, वर मशीनच्या हँडलची मूठ आणि कंपनीत धोक्याच्या जागी असतात तसे पिवळे-काळे पट्टे. रंजूला ती उचलेना. सुनीताला उचलली, पण तिनेही लगेच खाली ठेवली. ती काठी आजही आमच्या गच्चीत गोधड्यांच्या दोरीला टेकू म्हणून उभी आहे आणि तिथे फार उपयोगी आहे.

पण खरा घोळ पुढेच झाला. मॅडमनी रस्ता ठरवून दिला होता. गेटातून निघून घरांच्या कडेकडेने जायचं. आधी माझ्या तुळशीच्या कुंड्या, मग मिश्राजींची स्कूटर, मग गुप्ताजींच्या दुकानापुढचे भाजीचे क्रेट, मग चहावाल्याचं पाण्याचं लोखंडी पिंप. पिंप लागलं की थांबायचं, कान द्यायचा आणि गल्ली ओलांडायची. पलीकडे नाल्याचं रेलिंग लागतं, ते पार शाळेच्या कोपऱ्यापर्यंत जातं. रंजूला हे सगळं पाठ व्हायला लागलं होतं.

आता काकांचा जन्म गेला कंपनीत. तिथे चालायची वाट म्हणजे वाट, तिच्यात एक नटबोल्ट पडलेला चालत नाही. जिला दिसत नाही त्या पोरीच्या वाटेत कुंड्या, स्कूटर, पिंप? त्यांचं डोकंच फिरलं. रविवारी सकाळी कंबर कसून निघाले आणि दुपारपर्यंत गल्ली मोकळी केली. मिश्राजींशी भांडले, गुप्ताजींशी भांडले, चहावाल्याचं पिंप स्वतः लोटत मागच्या बोळात नेलं. माझ्या कुंड्या मला न विचारता गच्चीत. दोन्ही बाजूंना पिवळ्या रंगाच्या रेघा ओढल्या. गल्ली इतकी स्वच्छ दिसत होती की मला वाटलं कोणी मंत्री येणार आहे.

गुरुवारी रंजू निघाली. आम्ही सगळे बघत होतो, काका तर हाताची घडी घालून, नवरदेवाच्या बापाच्या थाटात. काठी डावीकडे, काठी उजवीकडे. काही लागेना. ती आणखी पुढे गेली, थोडी तिरकी झाली, मग परत वळली, आणि गल्लीच्या मधोमध मटकन खाली बसली.

"मॅडम, गल्ली कुठं गेली?" असं विचारून रडायलाच लागली.

सुनीता धावली आणि तिला पुन्हा कडेवर घेतलं. आता मामाकडेच धाडते म्हणाली. मॅडमनी शांतपणे काकांना समजावलं की काठी असतेच मुळी वस्तूंना लागायला. कुंडी लागली म्हणजे कळतं मी इथे आहे. तुम्ही अडथळे काढलेत काका, पण तिच्या खुणाही काढल्यात. मोठ्याने, तोंडासमोर तोंड आणून सांगितलं तेव्हा काकांच्या डोक्यात शिरलं. त्यांचा चेहरा मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी काका पुन्हा दारोदार. या वेळी सगळं परत जागेवर ठेवा म्हणून. गुप्ताजी डोक्याला हात लावून मला सांगत होते, "भाभी, पहले बोला हटाओ, अब बोलता है लगाओ. और टेढ़ा लगाया तो फिर चिल्लाता है." खरंच ओरडायचे. मिश्राजींच्या स्कूटरच्या स्टँडला रस्त्यावर पिवळा चौकोन काढून दिला. क्रेटना चौकोन, माझ्या कुंड्यांना गोल. नाल्याचं रेलिंग मध्ये तुटलेलं होतं, तिथे रंजूची काठी घसरायची. काकांनी वेल्डिंगवाला आणून तो जोड सांधला. आमच्या गल्लीत तेव्हापासून जी शिस्त आली ती कुठल्या नगरसेवकाला आणता आली नसती.

सुनीताला मात्र मनवायला दोन गुरुवार लागले. शेवटी मॅडमनी तिच्याच डोळ्यांवर ओढणी बांधली, हातात काठी दिली आणि जिन्यापासून गेटपर्यंत चालवलं. गेटाला हात लावून ती तिथेच उभी राहिली. त्या दिवसानंतर तिने रंजूला कडेवर घेतलं नाही.

मग मे महिनाभर काय धमाल चालली सांगू! रंजू काठी घेऊन पुढे, काका मागे. प्रत्येक वस्तूपाशी थांबून ठोकायचं. "काय म्हणून राहिलंय?" कुंडी हाय. शटर हाय, अर्धं उघडं हाय. पिंप हाय, निम्मं भरलेलं. "शाब्बास!" गल्लीतली चिल्लीपिल्ली डोळे मिटून मागे लागायची. रंजू काठीबरोबर बोटांच्या पेरांनीही ठोकायला लागली, मानही तशीच तिरकी. सुनीता ते बघून तोंडाला पदर लावून हसायची.

एका दुपारी मी पायरीवर मेथी निवडत बसले होते. रंजू काकांबरोबरची फेरी संपवून माझ्याजवळ येऊन बसली आणि काका घरात गेल्याची खात्री करून मला म्हणाली, "मावशी, काकांना ऐकू येत नाय."

मी म्हटलं, काहीतरीच काय. ते तर सगळ्यांना आवाज शिकवत फिरतात.

"पिंप भरलेलं हाय म्हनलं मी. ते शाब्बास म्हनले. तुमी बगा जाऊन."

मी उठले, पिंपाचं झाकण उचललं. तळाशी नुसता मग पडलेला होता, पाण्याचा थेंब नाही. त्या दिवशी टँकरच आला नव्हता.

झाकण हातात धरून मी तिथेच उभी राहिले. बेल न वाजवता दार ठोकणारे काका. मॅडमनी तोंडासमोर येऊन ओरडल्यावर समजणारे काका. पुण्याच्या मुलाला रोज रेंज नाही म्हणून सांगणारे काका. ठोकून झाल्यावर दुसऱ्यालाच विचारणारे, काय म्हणून राहिलंय. कॉम्प्रेसरने माणसाचे कान खाऊन टाकले होते आणि आम्ही सगळे त्यांच्या ठोकाठोकीला हसत होतो. मी पायरीवर परत आले. रंजू म्हणाली, त्यांना सांगू नका, ते लाजतील. मी कशाला सांगते!

पण शेवटी तिनेच सांगितलं. शाळा सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी काका रेलिंगपाशी येरझारा घालत होते. मी शेजारी उभी. रंजू शाळेत पोहोचल्याचं गेटात बसून कळणार कसं, ही त्यांना चिंता. मागून जायला मॅडमनी सक्त मनाई केली होती आणि गल्लीला मध्येच वळण, त्यामुळे शाळेचा कोपरा दिसत नाही. रंजूने त्यांचा हात शोधून धरला आणि रेलिंगच्या वरच्या पाइपावर ठेवला. मग थोडं दूर जाऊन काठीने पाइपावर मारलं. एकदा, मग लागोपाठ दोनदा.

काकांनी हाताकडे पाहिलं.

"लागलं ना हाताला?" ती परत येऊन मोठ्याने म्हणाली. "तुमी इथं हात लावून बसा. मी पोचले की वाजवीन. ऐकायला नाय लागत."

काकांनी पाइपावरचा हात काढला. मग तिच्यापुढे उकिडवे बसले आणि त्यांना हळू वाटणाऱ्या, पण आम्हा सगळ्यांना ऐकू येणाऱ्या आवाजात म्हणाले, "कोणाला सांगू नको. मुलाला कळलं तर मला पुण्याला नेऊन बसवेल."

"मामाकडं बसवतात तसं?"

"तसंच," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी गल्ली दारात. मी डबे वेळेआधी भरून मोकळी झाले होते, सुनीताने खाडा केला होता. काकांचा हुकूम होता की कोणी हाक मारायची नाही, शिकवायचं नाही. रंजू नव्या गणवेशात, दोन घट्ट वेण्या घालून निघाली. कुंड्या लागल्या. स्कूटर लागली. आणि माझ्या लक्षात आलं, अगं बाई, गुप्ताजींच्या दुकानापुढे गॅसच्या टाक्यांचा टेम्पो आडवा उभा. ड्रायव्हर टाकी खांद्यावर घेऊन कुठल्या तरी जिन्यात गेलेला. काकांनी ओरडायला तोंड उघडलं आणि स्वतःच्याच हाताने बंद केलं. सुनीताने माझा दंड असा आवळला की संध्याकाळपर्यंत वळ होते.

काठी टायरला लागली. रंजू थांबली. काठीने खाली चाचपलं, मग हात वर करून पेरांनी पत्र्यावर ठोकलं. आत टाक्या किणकिणल्या. मान तिरकी झाली.

"टेम्पो हाय," ती स्वतःशीच पण चांगलं मोठ्याने म्हणाली. "गॅसचा."

चहावाला खुदकन हसला, मिश्राजींनी त्याला डोळे दाखवले. रंजू टेम्पोच्या कडेने बाहेरून वळसा घालून पुन्हा आत आली आणि काठी पिंपावर ठण्ण वाजली. तिथे ती थांबली, कान दिला, एक रिक्षा जाऊ दिली, गल्ली ओलांडली, रेलिंग गाठलं आणि वळणाआड दिसेनाशी झाली.

मग जो काय वेळ गेला तो गेला. काका नाल्याकडेला स्टूल टाकून बसले होते, डावा हात पाइपावर पालथा, डोळे मिटलेले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मला काहीच ऐकू आलं नाही, देवाशपथ. पण काकांची बोटं हलली, डोळे उघडले आणि ते म्हणाले, "बोलून राहिलंय. पोहोचली."

काय सांगू तुम्हाला! सुनीता जमिनीवर बसून रडायला लागली, गुप्ताजींनी सगळ्यांना केळी वाटली, मी सुद्धा हसत होते की रडत होते मला माहीत नाही. आणि त्या गोंधळात काकांच्या शर्टाचा खिसा थरथरायला लागला. पुण्याचा फोन. एरवी संध्याकाळी यायचा, पण रंजूच्या शाळेचं काकांनी मुलाला मेसेजवर कळवलं असावं.

काकांनी उजव्या हाताने फोन काढला. सवयीने कानाकडे नेला, आणि मध्येच थांबले. मग तो माझ्यापुढे धरला. डावा हात पाइपावरच होता.

"तुम्ही बोला, वहिनी," ते म्हणाले. "सांगा त्याला, रेंज आहे. मला ऐकू येत नाही. आणि हेही सांगा, पुण्याला यायला जमणार नाही. दुपारी शाळा सुटते."